स्वयंचलित आज्ञावलीतील टॅग आणि निवडीची जबाबदारी

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास 'टॅग' हा शब्द अपरिचित नाही. कॉर्पसमधील प्रत्येक शब्दास नाम, क्रियापद, विशेषण अशी जी खूण जोडली जाते तिला आपण टॅग म्हणतो, आणि ती खूण त्या शब्दाविषयी एक विधान करीत असते. 'घर' या शब्दापुढे नामाची खूण असेल तर ती बरोबर आहे की चूक हे ठरविता येते; दोन अभ्यासकांत तिच्याविषयी मतभेद होऊ शकतो, आणि व्याकरणाच्या आधारे तो मिटविताही येतो. आपल्या विभागातील संगणकांची व्यवस्था लावणाऱ्या आज्ञावल्यांतही हाच शब्द वापरात आहे. तेथे मात्र टॅग हे विधान नव्हे. एखाद्या कार्यास 'सूची' असा टॅग लावला म्हणून ते कार्य सूचीविषयी आहे असे सिद्ध होत नाही. 'सूची' हे नाव उच्चारले असता ते कार्य केले जाईल, एवढेच त्यावरून निष्पन्न होते. एका शब्दाच्या या दोन अर्थांमधील अंतर ध्यानात न आल्यामुळे विभागात एकदा बरेच काम वाया गेले. त्या प्रसंगाकडे मी पुढे येणारच आहे. परंतु तो नीट समजण्यासाठी टॅगांची यंत्रणा प्रथम पाहिली पाहिजे.

लेखाच्या सोयीसाठी आज्ञावलीतील सर्व शब्द येथे देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष फाईलमध्ये ते रोमन लिपीत असतात. आज्ञावली एकदा चालविणे यास मी 'फेरी' म्हटले आहे, आणि 'टास्क'साठी 'कार्य' हा शब्द योजला आहे. 'टॅग' मात्र तसाच ठेवला आहे, कारण 'खूण' म्हटले की वर्णनाचाच अर्थ पुन्हा मनात डोकावतो.

उदाहरणासाठी ॲन्सिबल हे साधन घेतो. मायकेल डीहान यांनी ते २०१२ साली प्रसिद्ध केले. २०१५ साली ते रेड हॅट या कंपनीकडे गेले. अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेने आपल्या १९६६ सालच्या 'रोकॅनन्स वर्ल्ड' या कादंबरीत, कितीही दूरच्या ताऱ्याशी तत्क्षणी संपर्क साधून देणाऱ्या एका काल्पनिक यंत्रास 'ॲन्सिबल' हे नाव दिले होते. 'रोबॉट'प्रमाणे हा शब्दही वाङ्मयातून यंत्रशाळेत आलेला आहे. प्रत्यक्षातील ॲन्सिबलचे काम त्या मानाने साधे आहे. एका यंत्रावर बसून इतर यंत्रांशी एसएसएच या सुरक्षित मार्गाने संपर्क साधावयाचा, आणि एका फाईलमध्ये लिहून ठेवलेली कार्ये त्यांच्यावर क्रमाने पार पाडावयाची. या फाईलला 'प्लेबुक' म्हणतात. प्लेबुकात एक किंवा अनेक 'प्ले' असतात. प्रत्येक प्लेमध्ये कोणत्या यंत्रांवर कोणती कार्ये करावयाची हे सांगितलेले असते.

या कार्यांच्या भाषेत एक विशेष आहे. बहुतेक कार्ये आज्ञार्थात नसून, आपल्या व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर, विध्यर्थात असतात. 'पायथन बसवा' असे प्लेबुक म्हणत नाही. 'पायथन बसलेले असावे' असे म्हणते. यंत्रावर ते आधीच असेल तर काहीही बदलत नाही, आणि अहवालात त्या कार्यापुढे केवळ 'ठीक' अशी नोंद होते. अशी आज्ञावली दहादा चालविली तरी यंत्राची स्थिती तीच राहते. मग टॅगांची गरज कोठे पडते? सर्व कार्ये खरोखर विध्यर्थी असती, तर प्रत्येक वेळी सगळी आज्ञावली चालविणे हेच उत्तम ठरले असते. फार तर थोडा वेळ गेला असता. परंतु वेळ हीही एक अडचण असते, कारण चाळीस कार्यांची पडताळणी पाच यंत्रांवर होताना पाहत बसणे हे कोणाच्याही संयमाची परीक्षा पाहणारे आहे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की काही कार्ये निखळ आज्ञार्थी असतात : 'ही आज्ञा चालवा', 'ही सेवा पुन्हा सुरू करा'. शिवाय काहींचे रूप विध्यर्थी असले तरी त्यांचा परिणाम क्रमावर अवलंबून असतो. 'जुनी सूची नसावी' आणि त्यानंतर 'सूची असावी' ही दोन वाक्ये सुटी घेतली तर परस्परविरुद्ध आहेत. एकापुढे एक आली म्हणूनच त्यांना अर्थ प्राप्त होतो. अशा वेळी आज्ञावलीचा काही भाग चालवावा आणि काही वगळावा, ही इच्छा स्वाभाविक आहे. टॅग हे त्या इच्छेचे साधन होय.

निवडीची रीत सोपी आहे. कार्याखाली 'टॅग्ज' हा शब्द लिहून पुढे एक किंवा अनेक नावे द्यावयाची. चालविताना आज्ञेच्या ओळीत दोन आडव्या रेघा व 'टॅग्ज' हा शब्द लिहून त्यापुढे हवी ती नावे स्वल्पविरामांनी जोडून दिली की त्यांपैकी किमान एक नाव ज्या कार्यास लावलेले आहे अशी सर्व कार्ये होतात. बाकीची होत नाहीत. 'किमान एक' हे शब्द अधोरेखित करावयास हवेत. दोन नावे दिली असता दोन्ही नावे असलेलीच कार्ये निवडली जातील, असा समज नवशिक्या विद्यार्थ्याचा हटकून होतो. प्रत्यक्षात दोन्ही गटांची बेरीज होते, छेद नव्हे. उलट दिशेने 'स्किप-टॅग्ज' लिहून नावे दिली तर ती कार्ये वगळली जातात. आणि निवडणे व वगळणे यांत विरोध आला तर वगळण्याचा जय होतो.

नावे कोणती द्यावीत याविषयी ॲन्सिबलचा आग्रह नाही. मात्र दोन नावांस त्याने स्वतः अर्थ दिलेला आहे. 'ऑलवेज' हा टॅग असलेले कार्य, स्पष्टपणे वगळल्याशिवाय, प्रत्येक फेरीत होते. 'नेव्हर' हा टॅग असलेले कार्य मुद्दाम बोलाविल्याशिवाय कधीच होत नाही. ही दुसरी सोय २०१८ साली २.५ या आवृत्तीत आली. फेरीच्या आरंभी ॲन्सिबल प्रत्येक यंत्राची जी माहिती गोळा करते त्या कार्यासही मुळात 'ऑलवेज' हाच टॅग असतो. याखेरीज 'टॅग्ड', 'अनटॅग्ड' व 'ऑल' हे तीन शब्द केवळ आज्ञेच्या ओळीत वापरावयाचे आहेत. त्यांचा अर्थ शब्दांवरूनच कळतो.

आता टॅग कार्यापर्यंत कसे पोचतात ते पाहू. प्रत्येक कार्यास स्वतंत्र टॅग लावणे कंटाळवाणे असल्यामुळे ते अनेक कार्यांच्या समूहास, म्हणजे 'ब्लॉक'ला, पूर्ण प्लेला किंवा 'रोल'ला लावता येतात. रोल म्हणजे एखाद्या विषयाची सर्व कार्ये व फाईली एकत्र ठेवलेला, पुन्हा पुन्हा वापरता येणारा संच. वरच्या पातळीवर लावलेला टॅग आतील प्रत्येक कार्याकडे वारशाने जातो आणि त्याच्या स्वतःच्या टॅगांत मिसळतो. पाणिनीय व्याकरणाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. अष्टाध्यायीत ३.१.९१ येथे सुरू होणारा धातूचा अधिकार तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीपर्यंतच्या सूत्रांवर चालतो. प्रत्येक सूत्रात तो पुन्हा सांगावा लागत नाही. टॅग स्वतः मात्र अधिकारापेक्षा अनुबंधाशी अधिक मिळताजुळता आहे. 'क्तिन्' या प्रत्ययातील ककार व नकार हे उच्चारात उतरत नाहीत. 'कृति' या सिद्ध रूपात त्यांचा मागमूस नाही. परंतु ककारामुळे धातूच्या स्वराचा गुण टळतो, आणि नकारामुळे आद्य अक्षरावर उदात्त येतो. तसेच 'ण्वुल्'मधील णकारामुळे 'कृ'ची वृद्धी होऊन 'कारक' हे रूप मिळते. म्हणजे एकाच घटकावर अनेक खुणा असतात, प्रत्येक खूण वेगळ्या प्रक्रियेस बोलाविते वा रोखते, आणि काम झाल्यावर ती नाहीशी होते. टॅगाचेही तसेच आहे. ज्या यंत्रावर कार्य होते तेथे तो पोचतही नाही.

हे साम्य मात्र एका ठिकाणी तुटते, आणि तेच ठिकाण महत्त्वाचे आहे. पाणिनीने प्रत्येक अनुबंधाचे प्रयोजन शास्त्रात बांधून ठेवले आहे. कित् म्हटले की काय होईल हे १.१.५ या सूत्रावरून कळते, प्रत्यय लिहिणाऱ्याच्या लहरीवर ते सोपविलेले नाही. 'ऑलवेज' व 'नेव्हर' सोडले तर ॲन्सिबलमधील टॅगांस असा कोणताही बांधलेला अर्थ नाही. तो अर्थ आज्ञावली लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतो, आणि चालविणाऱ्याच्या डोक्यात पुष्कळदा निराळाच असतो.

वारशाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तीत अनुभवी मंडळीही फसतात. दुसऱ्या फाईलमधील कार्ये आपल्या प्लेबुकात आणण्याचे दोन मार्ग आहेत, आणि २०१७ सालच्या २.४ या आवृत्तीपासून त्यांस वेगळी नावे आहेत : 'इम्पोर्ट' व 'इन्क्लूड'. इम्पोर्टमध्ये ती फाईल आरंभीच वाचली जाते, जणू तिचा मजकूर तेथेच लिहिलेला होता. म्हणून इम्पोर्टच्या ओळीस लावलेला टॅग आतील सर्व कार्यांना मिळतो. इन्क्लूडमध्ये फाईल फेरी चालू असताना त्या ओळीपाशी आल्यावरच उघडली जाते, आणि ओळीस लावलेला टॅग त्या ओळीपुरताच राहतो. दार उघडते, पण आतल्यांची नावे पुन्हा तपासली जातात. ज्यांच्यावर तो टॅग नाही ती कार्ये होत नाहीत. आतल्यांनाही तो टॅग द्यावयाचा असेल तर 'अप्लाय' हा शब्द योजून तसे स्पष्ट सांगावे लागते, आणि तरीही इन्क्लूडच्या ओळीवरचा टॅग काढून चालत नाही, कारण मग दारच उघडणार नाही.

आता तो प्रसंग. विभागाच्या शोधयंत्रावर बोलींच्या मुलाखतींच्या लिप्यंतरित संहिता होत्या, आणि त्यांत शब्द शोधता यावेत म्हणून केलेली सूची होती. एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी अडीच-तीन महिने बसून शब्दांच्या व्याकरणिक खुणा दुरुस्त केल्या होत्या, आणि त्या दुरुस्त्या सोयीसाठी थेट सूचीच्या कोशातच नोंदविल्या जात होत्या. ही व्यवस्था मुळातच सदोष होती हे आज दिसते. तेव्हा ती तात्पुरती म्हणून स्वीकारली होती. यंत्राची मांडणी करणारे प्लेबुक प्रस्तुत लेखकाचेच होते. त्यात सात कार्ये होती : पॅकेजे बसविणे, चालू सूचीची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवणे, शोधसेवा थांबविणे, जुनी सूची काढून टाकणे, नव्या संहिता आणणे, सूची पुन्हा रचणे, आणि शोधसेवा सुरू करणे. टॅग मी कार्यांच्या स्वरूपावरून लावले होते. थांबविणे व सुरू करणे यांस 'सेवा', संहिता आणण्यास 'संहिता', काढणे व रचणे यांस 'सूची', आणि पॅकेजांच्या कार्यास 'पॅकेज'. प्रत ठेवण्याचे कार्य मागाहून घातलेले होते. त्याचे स्वरूप यांपैकी कशातच बसेना, म्हणून त्यास टॅग लावलेलाच नव्हता. कॉर्पसमधील शब्दांस खुणा देताना जी शिस्त आपण पाळतो तीच मी येथे पाळली होती, आणि वर्गीकरण म्हणून त्यात काहीही चूक नव्हती.

एके दिवशी सूचीत काही नव्या संहिता दिसेनात. विभागातील साहाय्यकाने प्लेबुक उघडले, 'सूची' हा टॅग पाहिला, आणि तेवढाच देऊन फेरी चालविली. त्याने केले ते अगदी तर्कशुद्ध होते. दोन कार्ये झाली, चौथे आणि सहावे. सेवा चालू असतानाच जुनी सूची नाहीशी झाली. संहिता न आणताच, जुन्या संहितांवरून नवी सूची रचली गेली. आणि तत्पूर्वी प्रत घेतली गेली नाही. अहवाल हिरव्या-पिवळ्या अक्षरांत आला. अयशस्वी कार्ये : शून्य. दुरुस्त्या गेल्या आहेत हे दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीने सांगितले तेव्हा कळले. दोघींनी आपापल्या संगणकांवर काढून ठेवलेल्या याद्यांवरून काही भाग परत मिळविता आला. उरलेले काम विद्यार्थ्यांनी पुन्हा केले, आणि त्यासाठी एकाचा प्रबंध एक सत्र लांबला.

साहाय्यकास बोल लावणे सोपे होते, आणि आरंभी तसे थोडेफार झालेही. परंतु विचार करता दिसते ते असे. प्लेबुक संपूर्ण वाचले असता निर्दोष होते. 'सूची' हा टॅग देताच त्यातून दोन कार्यांचे एक दुसरेच प्लेबुक तयार झाले, जे कोणी कधी लिहिले नव्हते, वाचले नव्हते, तपासले नव्हते. प्रत्येक टॅग म्हणजे असे एक अलिखित प्लेबुक असते. त्या फाईलमध्ये चार टॅग होते. त्यांतून एक किंवा अधिक नावे निवडण्याच्या रीती पंधरा होतात, आणि पाच टॅग असते तर एकतीस झाल्या असत्या. यांपैकी किती आपण मनात धरलेल्या असतात? माझ्या मनात, खरे सांगावयाचे तर, एकही नव्हती. मी केवळ वर्गीकरण केले होते.

जुन्या 'मेक' या साधनाशी तुलना केली म्हणजे हा दोष कोठून येतो हे स्पष्ट होते. स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल प्रयोगशाळेत १९७६ साली रचलेल्या मेकमध्येही आज्ञावलीचा एक भाग निवडता येतो. पण तेथे प्रत्येक लक्ष्यापुढे ते कशावर अवलंबून आहे हे लिहिलेले असते, आणि एक लक्ष्य मागितले की त्याची सर्व पूर्वांगे मेक आपण होऊन पुरी करते. 'सूची' मागितली असती तर 'संहिता' व 'प्रत' ही मागोमाग आली असती, अर्थात तसे अवलंबन लिहिलेले असते तर. ॲन्सिबलमध्ये कार्यांचे परस्परावलंबन कोठेच लिहिलेले नसते. ते केवळ क्रमातून सूचित होते. क्रम हेच तेथील वाक्यविन्यासाचे साधन आहे. टॅग त्या क्रमातून काही शब्द उचलतो आणि उरलेले गाळतो. गाळल्यानंतरही वाक्य वाक्यच राहील याची हमी घेणारे तेथे कोणी नाही.

येथे टॅग आणि अट यांतील भेदही पाहिला पाहिजे. ॲन्सिबलमध्ये 'व्हेन' या शब्दाने कार्यास अट जोडता येते : यंत्र अमुक प्रकारचे असेल तरच हे करा. अट जगाच्या स्थितीवर अवलंबून असते आणि प्रत्येक यंत्रासाठी वेगळी तपासली जाते. टॅग चालविणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असतो आणि सर्व यंत्रांस सारखाच लागू होतो. कोणत्या यंत्रांवर फेरी व्हावी हे ठरविण्यासाठी 'लिमिट' हा निराळाच पर्याय आहे; ते काम टॅगांकडून करून घेऊ नये. अट व टॅग यांचा दृश्य परिणाम एकच वाटतो, कार्य झाले नाही. पण आत मोठा फरक आहे. एखाद्या कार्याचा परिणाम 'रजिस्टर' या शब्दाने नाव देऊन पुढच्या कार्यांसाठी जपून ठेवता येतो. अटीमुळे कार्य वगळले गेले तरी ते नाव अस्तित्वात येते, आणि त्यात 'वगळले' अशी नोंद असते. टॅगामुळे वगळले गेले तर ते नावच अस्तित्वात येत नाही. पुढे त्याचा उल्लेख आला की अज्ञात नाव म्हणून फेरी तेथेच थांबते. पहिल्या प्रकारात 'नाही' असे उत्तर मिळते. दुसऱ्यात प्रश्नच विचारला गेलेला नसतो.

या दुसऱ्या गोष्टीची पुष्कळजण तक्रार करतात. आम्ही तिचा उपयोग करून घेतला. प्रत ठेवण्याच्या कार्याचा परिणाम आता नाव देऊन जपला जातो, आणि सूची काढण्याच्या कार्यास त्या नावाची अट घातली आहे. टॅगांची कशीही जुळवाजुळव करून कोणी प्रत गाळली तर ते नाव जन्मासच येणार नाही, आणि काढण्याचे कार्य अडखळून फेरी बंद पडेल. यात एक सूक्ष्म खाच आहे. अटीत 'यशस्वी झाले का' एवढेच विचारून भागत नाही, कारण अटीमुळे वगळलेले कार्यही 'अयशस्वी नाही' या अर्थाने यशस्वीच गणले जाते; म्हणून 'वगळले गेले नाही ना' हेही विचारावे लागते. निषेधाचा निषेध म्हणजे विधी नव्हे, हे आपल्या वर्गात सांगणे सोपे असते.

दुसरा बदल नावांचा केला. कार्य काय आहे यावरून टॅग देणे सोडून, फेरी कशासाठी आहे यावरून ते द्यावयास आरंभ केला. 'सूची' व 'सेवा' ही नावे गेली. त्यांच्या जागी 'पुनर्रचना' हे एक नाव आले, आणि प्रत, थांबविणे, संहिता आणणे, काढणे, रचणे, सुरू करणे ही सहाही कार्ये एका ब्लॉकमध्ये ठेवून त्या ब्लॉकला 'नेव्हर' व 'पुनर्रचना' असे दोन टॅग दिले. आता टॅग न देता फेरी चालविली तर ब्लॉक होत नाही. 'पुनर्रचना' म्हटले तर सबंध होतो. नाव नामासारखे न वाटता क्रियेसारखे वाटावे, असा एक ढोबळ नियम मी विद्यार्थ्यांस सांगतो : 'हे काय आहे' याचे उत्तर न देता 'मला काय करावयाचे आहे' याचे उत्तर नावात असावे.

'नेव्हर' हे कुलूप आहे असे मात्र कोणी समजू नये. ते केवळ न बोलावता येऊ नये, एवढे पाहते. ब्लॉकमधील संहिता आणण्याच्या कार्यास उद्या कोणी सहज 'संहिता' असा आणखी एक टॅग लावला, तर 'संहिता' हे नाव देताच ते एकटेच कार्य जागे होईल. वरून आलेला 'नेव्हर' त्यास अडविणार नाही, कारण कार्याच्या अनेक टॅगांपैकी एक बोलाविला गेला हे त्यास पुरते. म्हणून त्या ब्लॉकच्या आत स्वतंत्र टॅग लावावयाचे नाहीत असे ठरविले आहे. हे ठरविणे फाईलच्या माथ्यावर टिपणीच्या रूपाने लिहिले असून, कोणता टॅग कोणत्या फेरीसाठी आहे याची यादीही तेथेच आहे. 'ऑलवेज'चा मोह त्याहून अधिक टाळावा. प्रत घेण्याच्या कार्यास तो लावावा असे एकाने सुचविले होते. परंतु तसे केले असता एक फॉन्ट बसविण्याच्या फेरीतही सबंध सूचीची प्रत निघू लागली असती, आणि माणसे कंटाळून 'ऑलवेज' वगळू लागली असती.

'हँडलर' नावाची एक वेगळी जात आहे. एखाद्या कार्याने काही बदल केला तर त्याने कळविल्यावरच हँडलर चालतो, जसे रचनेची फाईल बदलली तर सेवा पुन्हा सुरू करणे. हँडलर टॅगांकडे लक्षच देत नाहीत. त्यांना टॅगाने निवडताही येत नाही आणि वगळताही येत नाही. त्यांस टॅग लावलेले आढळले तर लिहिणाऱ्याचा गैरसमज झाला आहे असे खुशाल समजावे.

चालविणाऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. टॅगाचे नाव लिहिताना अक्षर चुकले तर ॲन्सिबल तक्रार करीत नाही. त्या नावाचे कार्य नाही, म्हणून ते काही करीत नाही. यंत्रांची माहिती गोळा करते आणि अयशस्वी कार्ये शून्य असल्याचे कळवून थांबते. सुरक्षेची दुरुस्ती सर्व यंत्रांवर झाली आहे अशा समजुतीत आठवडा काढणे यामुळे शक्य होते. यावर उपाय म्हणजे आज्ञेच्या ओळीत 'लिस्ट-टास्क्स' हा शब्द घालून फेरी आधी कोरडी चालविणे. दिलेल्या टॅगांनी नेमकी कोणती कार्ये निवडली जातील त्यांची यादी मिळते, आणि यंत्रांवर काहीही होत नाही. 'लिस्ट-टॅग्ज' म्हटले तर फाईलमधील टॅगांची यादी मिळते. इन्क्लूडने आणलेल्या फाईलींतील कार्ये मात्र या याद्यांत दिसत नाहीत, कारण त्या तेव्हा उघडलेल्याच नसतात. ज्या फेरीत काही नाहीसे होणार आहे, तिची यादी आमच्याकडे दोघांनी मिळून वाचावयाची असते. एकाने मोठ्याने वाचावयाची, दुसऱ्याने प्रत्येक कार्याच्या आधी काय व्हावयास हवे ते सांगावयाचे. त्या साहाय्यकानेच ही रीत सुचविली.

एक प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाही. इतरांनी लिहिलेले रोल 'गॅलक्सी' या सामायिक भांडारातून आणून वापरता येतात, आणि आम्हीही वापरतो. त्यांतील कार्यांस त्यांच्या लेखकांनी आपापले टॅग आधीच लावलेले असू शकतात, आणि 'इन्स्टॉल', 'कॉन्फिग' यांसारखी सोपी नावे कोणासही सुचण्यासारखी असतात. आपल्या फाईलमध्येही तेच नाव असले तर एका हाकेला दोन अनोळखी गट एकदम उठतात. सध्या आम्ही आमच्या सर्व टॅगांपुढे विभागाची दोन आद्याक्षरे जोडतो, आणि बाहेरून आणलेला प्रत्येक रोल वापरण्यापूर्वी त्यातील टॅगांची यादी काढून फाईलच्या माथ्यावरील यादीशी ताडून पाहतो. मागील सत्रात असे दोन रोल घेतले. त्यांपैकी एकात सहा कार्यांस 'ऑलवेज' हा टॅग लावलेला आढळला, आणि त्यांतील एक कार्य सेवा पुन्हा सुरू करण्याचे होते. तो रोल आम्ही अद्याप वापरलेला नाही.